आत्याने लिहिलेलं साल

बाईंनी मला फक्त टायपिंग करून द्यायला सांगितलं होतं.

बाई म्हणजे आमच्या शेजारच्या. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत हे घर घेतलं त्याला आता एकोणीस वर्षं झाली. बाई त्याच्याही आधीपासून, चोपन्न वर्षं, शेजारच्या घरात राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, नवऱ्याकडचा एक पुतण्या ओहायोत. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण नाही, हायड्रेंजियाच्या फुलझाडांची रांग आहे. आमची मुलगी लहान असताना शाळेच्या बसमधून उतरली की आधी त्यांच्याकडे जायची, कारण आम्ही दोघंही सहाशिवाय घरी पोचत नसू. माझी बायको त्यांना तोंडावर नावाने हाक मारते, पण घरात बोलताना ‘बाई’ म्हणते. त्यांचा आवाज तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखा आहे, असं तिचं म्हणणं. मलाही तीच सवय लागली.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठ्याची एक फाइल ठेवली. आत एक्केचाळीस कागद होते, टाइपरायटरवर टाइप केलेले, कडा पिवळ्या पडलेले. त्यांच्या आत्याने लिहिलेला घराण्याचा इतिहास.

बाई चार वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. वडील बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचे, ते दिवसभर बाहेर. वडिलांच्या धाकट्या बहिणीने बाईंना वाढवलं. तिने लग्न केलं नाही. त्याच कारखान्याच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती. कारखाना बंद पडला, तेव्हा तो टाइपरायटर तिने घरी आणला, आणि पुढची अकरा वर्षं बस आणि ट्रेनने फिरून आजूबाजूच्या गावांतल्या कचेऱ्या, चर्च, दफनभूमी पालथ्या घातल्या. पेन्सिलीने उतरवून आणायचं, रात्री जेवण झाल्यावर टाइप करायचं. बाई तेव्हा नोकरीला लागल्या होत्या. “मला त्या खडखडाटाचा वैताग यायचा,” त्या म्हणाल्या. “मी तिला म्हणायचे, तू मेलेल्या लोकांना पत्रं लिहितेस का?”

कागदांत नऊ पिढ्या होत्या. पहिला माणूस फ्रान्समधून आलेला, जोडे शिवणारा. त्याच्या राजाने त्याच्या पंथाची प्रार्थना बेकायदा ठरवली, तेव्हा तो इंग्लंडमार्गे बॉस्टनला आला. तिथून, आमच्यापासून दक्षिणेला वीसेक मैलांवर, जंगलात त्याच्यासारख्याच फ्रेंच कुटुंबांनी वसवलेल्या वस्तीत. ती वस्ती काही वर्षांतच मोडली. बाकीचे बॉस्टनला परत गेले, हा गेला नाही. तो शेजारच्या इंग्रज गावात गेला आणि तिथे राहायची परवानगी मागितली. गावात जोडे शिवणारा कोणी नव्हता, म्हणून ती मिळाली. आत्याने इथे एक वाक्य लिहिलं होतं, ते मला टाइप करताना आवडलं: गावाला त्याची भाषा येत नव्हती, पण त्याच्याशी बोलायची गरजही नव्हती, पाय पुढे केला की काम होत होतं.

पुढे त्याने त्या गावातल्या एका तरुण विधवेशी लग्न केलं. एक मुलगी झाली. तिची मुलं उन्हाळ्यात शेती करायची आणि हिवाळ्यात घरामागच्या दहा फूट बाय दहा फुटांच्या खोपट्यात बसून जोडे शिवायची. मग कारखाने आले, मग बाईंचे वडील, आणि शेवटी बाई. मुलीच्या लग्नाने आडनाव बदललं, आणि त्या नव्या आडनावाचं स्पेलिंगही पुढे चार वेळा बदललं होतं.

बाईंना हे सगळं नीट टाइप करून हवं होतं, त्याला कारण होतं. त्या गावच्या जुन्या दफनभूमीत त्या विधवेच्या थडग्यावरचा पाटीच्या दगडाचा शिळाफलक अजून उभा आहे. त्याच्या शेजारी मोकळी जागा आहे. जोडे शिवणाऱ्याचा दगड केव्हाच फुटून गेला. गावच्या इतिहास मंडळाचा नियम असा, की वंशजाने प्रत्येक पिढीची नोंद जोडून, सही करून अर्ज दिला, तर मंडळ नवीन दगड बसवू देतं. बाईंना त्यावर दोन ओळी हव्या होत्या. एकीत त्याचं नाव आणि धंदा, दुसरीत हा दगड त्याच्या वंशजाने बसवला असं, बाईंच्या नावानिशी. अर्जासोबत घरात जपलेली त्याची हत्यारंही त्या मंडळाला देणार होत्या.

“माझ्यानंतर या ओळीत कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “दगड तरी असावा.”

हत्यारं तीन होती: चामड्याला भोकं पाडायची एक आरी, चामडं तासायची अर्धगोल सुरी आणि एक लाकडी फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा तो ठोकळा, ज्यावर जोडा चढवून शिवतात. त्यांनी फर्मा माझ्या हातात दिला.

“उजव्या पायाचा की डाव्या?”

मी तो फिरवून पाहिला. “कळत नाही.”

“कारण दोन्हींचा आहे. तेव्हा दोन्ही जोडे एकाच फर्म्यावर करायचे. आज उजव्या पायात घातलेला उद्या डाव्या पायात. म्हणजे झीज सारखी होते.”

मी त्यांच्याकडे पट्टी मागितली. मधोमध रेघ कल्पून दोन्ही बाजू मोजल्या. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

“मोजल्याशिवाय तुमचा विश्वास बसत नाही, नाही का?”

“सवय आहे.”

“म्हणूनच तुम्हाला दिलं. पुतण्याला दिलं असतं तर फोनवर फोटो काढून मोकळा झाला असता.”

ती सवय नोकरीची. औषधांच्या चाचण्यांमधली माहिती तपासणं हे माझं काम. रुग्ण दाखल झाला ती तारीख, औषध सुरू केलं ती, घरी सोडला ती. जे आधी घडायला हवं ते नंतर घडल्याचं दिसलं, की मी ती ओळ लाल करतो आणि ज्या हॉस्पिटलातून आली तिथे परत पाठवतो. पंचवीस वर्षं हेच करतो आहे. त्यामुळे एक्केचाळीस कागद टाइप करताना मी शेजारी एक तक्ता उघडला आणि त्यातल्या तारखा एकेक करून त्यात घालू लागलो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे चार-पाच मराठी कुटुंबं जेवायला होती. मी बाईंच्या कागदांबद्दल सांगितलं. त्यांत एक काका आहेत, निवृत्त डॉक्टर, आमच्या भागात सगळ्यांत आधी आलेल्यांपैकी. ते पुलावाची प्लेट हातात धरून म्हणाले, “गंमत बघा. हे लोक जोडे शिवणारा पूर्वज शोधायला अकरा वर्षं घालवतात. आपल्याकडे कोणालाही विचारा, पूर्वज दरबारातच. जोडे शिवणारा एकाचाही नाही. मग त्या दरबारातले लोक अनवाणी फिरायचे की काय?”

सगळे हसले. एक काकू मात्र “विषय बदला आता” म्हणाल्या आणि वाटी उचलून आत गेल्या. मला बाईंचा हेवा वाटला होता, एवढं आठवतं. माझ्या घराण्याचं मला पणजोबांच्या पलीकडे काही माहीत नाही, आणि जे माहीत आहे त्यात बरंच सोईचं असावं असा माझा अंदाज आहे.

तक्त्यात अडतीस तारखा झाल्या. त्या गावांच्या जुन्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची छापील पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेटवर आली आहेत. मी आडनाव शोधून थेट त्या त्या पानावर जात होतो. तीन संध्याकाळी गेल्या. आत्याचं काम चोख होतं. सदतीस तारखा तंतोतंत जुळल्या. अडतिसावी जुळली नाही.

ती त्या जोडे शिवणाऱ्याच्या मुलीच्या जन्माची होती. पुस्तकातल्या नोंदी अशा: विधवेचा पहिला नवरा ऑगस्टमध्ये वारला. त्यानंतर ऑक्टोबरात जोडे शिवणाऱ्याला गावात राहायची परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात दोघांचं लग्न झालं. आणि मुलीचा जन्म फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, लग्नाच्याच सालातल्या. म्हणजे लग्नाच्या तीन महिने आधी, आणि तो गावात आल्यावर चार महिन्यांनी. चार महिन्यांत मूल होत नाही. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी मात्र होतं. हिशेब स्वच्छ होता. मुलगी पहिल्या नवऱ्याची, वडील गेल्यावर जन्मलेली. नोंद मागाहून केली असणार, म्हणून तिला सावत्र वडिलांचं आडनाव लागलं असणार. जोडे शिवणाऱ्याला दुसरं मूल नव्हतं.

आत्याच्या कागदात मात्र या जन्मापुढे एक वर्ष पुढचं साल होतं. सदतीस तारखांत एक चूक नाही, आणि नेमक्या या एका जागी एक वर्षाचा फरक. ज्याने सगळी ओळ जुळून येते, असा फरक. टाइप करताना चुकून एका अंकाऐवजी दुसरा पडला असं मला म्हणता आलं असतं. पण मी कामात असे आकडे पाहिले आहेत. सोईची चूक ही बहुतेक वेळा चूक नसते.

मी बायकोला सांगितलं. ती भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती.

“अहो, तुम्हाला कोणी ऑडिट करायला सांगितलं होतं?”

“अर्जाखाली त्या सही करणार आहेत. मंडळाने तपासलं तर?”

“तिथे कोण तपासतंय? सगळे सत्तरीचे व्हॉलंटियर. आणि तीनशे वर्षांपूर्वी कोणाचं मूल कोणाचं, त्यावर आता कोणाचं काय अडलंय?”

“चुकीचं आहे हे कळल्यावर मी ते टाइप कसं करू?”

“सरळ. बोटांनी,” ती म्हणाली आणि डिशवॉशरचं दार लावलं.

मी चार दिवस थांबलो. मग एका शनिवारी दुपारी कागद घेऊन गेलो. मी त्यांना तक्ता दाखवला, पुस्तकाच्या पानांचे प्रिंटआउट दाखवले, चारही नोंदी पिवळ्या करून. मी शांतपणे बोललो. कामावर बोलतो तसंच. आत्याबद्दल मी ‘खोटं’ हा शब्द वापरला नाही. “इथे साल बदललेलं आहे” असं म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद दोनदा वाचले. बोटावर महिने मोजले.

“म्हणजे मी त्याची कोणी नाही.”

“त्याने त्या मुलीला वाढवलं. तिच्या मुलांना धंदा शिकवला. तेही नातंच झालं की.”

“मला आत्याने वाढवलं,” त्या म्हणाल्या. “वाढवण्याचं मोल तुम्ही मला सांगू नका. मी त्याबद्दल विचारत नाही. तिला हे माहीत होतं का, ते सांगा.”

इथे मला ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. ते खरंही ठरलं असतं.

“बाकीच्या सदतीस बरोबर आहेत,” मी म्हणालो. “म्हणजे त्यांनी हे पान नीट पाहिलं असणार.”

त्यांनी मान हलवली. मला कॉफी विचारली. मी नको म्हणालो. निघताना दाराशी त्या म्हणाल्या, “तुम्ही बरोबर केलंत.” एवढं बोलून त्यांनी दार लावलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं नंतर अनेकदा वाटलं.

त्यांच्या हॉलमध्ये शेकोटीच्या वरच्या फळीवर आत्याचा फोटो असायचा. काळा कोट घातलेली, हातमोजे एका हातात धरलेली. संध्याकाळी खिडकीशी बसून बाई त्या फोटोशी बोलायच्या. दिवसभरात काय झालं ते सांगायच्या. आमच्या मुलीने लहानपणी ते पाहिलं होतं आणि तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, आमच्याकडे आजी देवाशी बोलते तसं. मे महिन्यात मी त्यांचा एसी खिडकीत बसवून द्यायला गेलो, तेव्हा फोटो तिथे नव्हता. फळीवर धुळीत एक चौकोन होता. मी विचारलं नाही. अर्जाबद्दलही विचारलं नाही. दगड बसवायचा नाही असं त्यांनी मंडळाला कळवल्याचं जूनमध्ये बायकोकडून कळलं.

बोलणं तुटलं नाही. मी त्यांचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवत होतो, त्या टोमॅटो देत होत्या. पण मला हाक मारून बसवून घेणं थांबलं. नोव्हेंबरात त्या मागच्या पायऱ्यांवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग पुनर्वसन केंद्र, आणि मग त्या घरी आल्याच नाहीत. पुतण्या ओहायोहून आला आणि पंधरा मिनिटांवरच्या एका वृद्धाश्रमात त्यांची सोय केली. जानेवारीत बर्फात एक मोठा ट्रक येऊन उभा राहिला आणि दोन दिवसांत घर रिकामं झालं. मी त्यांचा ड्राइव्हवे साफ करून दिला, ट्रकला यायला जागा व्हावी म्हणून.

फेब्रुवारीत आमची मुलगी कॉलेजातून चार दिवस घरी आली होती. सासूबाईंना इकडे आणायचं चाललं होतं आणि त्यांच्या जन्माचा दाखला सापडत नव्हता. नागपूरहून मेहुण्याने त्यांच्या जन्मपत्रिकेचा फोटो पाठवला. त्यावर शके साल होतं आणि माघ महिना. मुलगी लॅपटॉपवर फॉर्म भरत होती.

“बाबा, इट्स सिंपल. प्लस सेवंटी-एट. मी गूगल केलं.”

“माघ आहे ना? मग एकोणऐंशी मिळव.”

“व्हाय? सेम इयर आहे ना?”

“आपलं वर्ष पाडव्याला बदलतं. माघ-फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतात. तोवर इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं. आता समज, कोणाचं वैशाखात लग्न झालं आणि त्याच शके सालात माघात मूल झालं. तर ते मूल लग्नाच्या आधीचं नाही. ते लग्नानंतर नऊ महिन्यांनी…”

मी थांबलो.

“बाबा? यू ओके?”

मी उठून वर गेलो. ते स्कॅन केलेलं पुस्तक उघडलं. या वेळी आडनाव शोधलं नाही, पहिल्या पानापासून वाचलं. प्रस्तावनेच्या दुसऱ्या पानावर बारीक टायपात लिहिलेलं होतं, की वसाहतीच्या काळात इंग्रजांचं वर्ष मार्चच्या पंचवीस तारखेला सुरू होत असे, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या बऱ्याचशा नोंदी आधीच्या सालाखाली आहेत, आणि त्या या पुस्तकात मूळ वहीत आहेत तशाच छापल्या आहेत. चार ओळी. मी त्या पुस्तकाची सोळा पानं छापून घेतली होती, त्यात हे नव्हतं.

लग्न मे महिन्यात. जन्म त्याच सालातल्या फेब्रुवारीत, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत. मी दिवस मोजले. दोनशे ब्याऐंशी. नऊ महिने आणि आठवडाभर. आत्याने साल बदललं नव्हतं. तिला ही गोष्ट माहीत होती आणि तिने ते आजच्या हिशेबाने लिहिलं होतं. अडतीसच्या अडतीस तारखा बरोबर होत्या. वसाहतीच्या काळातली, जानेवारी ते मार्चमधली ती तेवढी एकच होती, त्यामुळे फरक तेवढ्या एकाच जागी दिसला.

हा नियम मला वडिलांनी मी नऊ वर्षांचा असताना शिकवला होता. ओळखीतल्या निदान वीस माणसांच्या पत्रिकांचं साल मी काढून दिलं असेन. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या घरात मी वाढलो, आणि दुसऱ्या कोणाचं वर्ष मार्चमध्ये बदलू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. तक्ता तयार करताना मी प्रत्येक तारीख तपासली. वर्ष कधी सुरू होतं ते तपासलं नाही.

बायको वर आली. मी तिला दाखवलं. तिने त्या चार ओळी वाचल्या.

“उद्या जा,” ती म्हणाली. “फोन करू नका. स्वतः जा.”

वृद्धाश्रमात बाईंची खोली तळमजल्यावर होती. एक खिडकी, एक पलंग, दोन खुर्च्या. त्या खूप बारीक झाल्या होत्या, पण डोकं स्वच्छ होतं. त्यांनी आधी माझ्या बायकोची, मुलीची चौकशी केली. मग माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

“आता आणखी काय सापडलं?”

मी प्रस्तावनेचं पान पुढे ठेवलं आणि सांगितलं. या वेळी नीट सांगता येईना. त्यांनी मला मध्येच थांबवून दुसऱ्यांदा सांगायला लावलं, मग तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बोटांवर महिने मोजले. मे, जून, जुलै. फेब्रुवारीपाशी बोट थांबलं.

“मग ती बरोबर होती.”

“हो. चूक माझी होती. पूर्णपणे माझी.”

“मी तिचे कागद टाकून दिले,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आलात त्याच आठवड्यात. रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात. तो डबा तुम्हीच रस्त्यावर नेऊन ठेवलात.”

मी म्हणालो, “माझ्याकडे टाइप केलेलं सगळं आहे. शब्दन् शब्द.”

“हत्यारं चर्चच्या सेलमध्ये दिली. एका खोक्यात, चमचे आणि बिजागऱ्यांबरोबर. कोणी नेलं माहीत नाही.”

“मी शोधतो.”

“शोधा,” त्या म्हणाल्या, पण ते उत्तर नव्हतं. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी व्हीलचेअर ढकलत नेत होतं. मी पिशवीतून दुसरा कागद काढला. मंडळाचा अर्ज मी रात्री त्यांच्या वेबसाइटवरून पुन्हा उतरवून घेतला होता, नऊही पिढ्या भरल्या होत्या, प्रत्येकीपुढे पुस्तक आणि पान. फक्त वंशजाची सही बाकी होती.

“तुम्ही इथे सही केलीत तर मी बाकी सगळं करतो. जमीन मोकळी झाली की मेमध्ये दगड बसेल. मी तुम्हाला गाडीने नेईन.”

त्यांनी अर्ज हातात घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि परत दिला.

“नाही.”

“चूक माझी होती. तिची शिक्षा त्याला किंवा तुम्हाला का?”

“तुमची चूक आकड्यांची होती,” त्या म्हणाल्या. “ती तुम्ही दुरुस्त केलीत. ऐका. ती माझ्याबरोबर पंचेचाळीस वर्षं होती. शेवटची सहा वर्षं मी तिला आंघोळ घालत होते. तिने आयुष्यात मला एक खोटी गोष्ट सांगितली नाही, ख्रिसमसच्या म्हाताऱ्याबद्दलसुद्धा नाही. आणि तुम्ही एका दुपारी एक पिवळी रेघ मारलेला कागद घेऊन आलात, तर मी कॉफी व्हायच्या आत तुमचं खरं मानलं. तिच्या बाजूने एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्या दगडावर मी कोणत्या तोंडाने वंशज म्हणून नाव लावू?”

मी म्हणालो, की पुरावा तसा दिसत होता, कोणीही मानलं असतं.

“कोणीही,” त्या म्हणाल्या. “मी कोणीही नव्हते.”

थोड्या वेळाने नर्स औषधं घेऊन आली. मी उठलो. पुढच्या शनिवारी येऊ का, असं विचारलं.

“या. मुलीलाही आणा, ती आली की. पण या विषयावर बोलायचं नाही.”

वसंतात आणि उन्हाळ्यात मी आसपासची जुन्या वस्तूंची अठरा दुकानं पाहिली. आऱ्या पुष्कळ मिळाल्या. त्या कोणाच्या, हे सांगता येईल अशी एकही नव्हती. चर्चच्या सेलवाल्यांना तो खोका आठवत होता, नेणारा आठवत नव्हता. पुतण्याला मी आत्याच्या फोटोबद्दल ईमेल केला. त्याने लिहिलं, की कपाटाच्या तळाशी एक फ्रेम होती, काच फुटलेली, ती ट्रकमध्ये गेली असावी.

एक्केचाळीस पानं मी पुन्हा छापली, कारण पहिल्या प्रतीत त्या सालाखाली माझी तळटीप होती. ती काढली. प्रस्तावनेतल्या चार ओळी शेवटी जोडल्या. एक प्रत मंडळाला पाठवली. तिथल्या गृहस्थांनी ती फाइलला लावल्याचं कळवलं आणि दगडाचं काय, असं विचारलं. मी लिहिलं, की दगडासाठी वंशजाची सही लागेल, आणि वंशज आहेत.

मी दर शनिवारी अकरा वाजता जातो. आम्ही बर्फाबद्दल बोलतो, शेजारच्या घरात राहायला आलेल्या नवीन जोडप्याबद्दल बोलतो, त्यांनी हायड्रेंजिया किती खाली छाटली त्याबद्दल बोलतो. बाई आता अर्धा तासच बसू शकतात. अर्ज गाडीत असतो, पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यात. मी तो आत नेत नाही.